मेव्हण्यांचा सातवा रकाना

जगात ज्याला म्हणून रकाना आहे ते सगळं आमच्या मेव्हण्यांना कळत होतं, आणि ज्याला रकाना नाही ते त्यांच्या लेखी जगात नव्हतंच. हे मी फुगवून सांगत नाही. माझी बायको त्यांची धाकटी बहीण. तिच्याशी लग्न झालं त्या दिवसापासून हा माणूस माझ्या पदरी पडला आणि ती गेली तरी सुटला नाही. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधंसुधं काम म्हणजे सोमवारी दुपारी माझ्या घरच्या ओट्यावर बसून, कॉफी पीत, पंचांगातले रकाने मोजणं. तिचं वर्षश्राद्ध आलं होतं. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा करणारा मीच. ते उद्या मंगळवारी करायचं की परवा बुधवारी, एवढंच ठरवायचं होतं. मी म्हणत होतो उद्या, ते म्हणत होते परवा. मी पंचांगावर बोट ठेवलं की ते माझं बोट धरून एक घर उजवीकडे सरकवायचे, आणि मी ते पुन्हा डावीकडे आणायचो. कॉफी निवून गेली तरी बोट काही एका जागी टेकलं नाही.

मी पानांच्या धंद्यातला माणूस. शाळा तिसरीपर्यंत, तीही अर्धी. पण विड्याची पानं मी जन्मभर मोजली आहेत, आणि कुंभकोणच्या बाजारात माझ्या हातची कवळी, म्हणजे पानांची जुडी, कोणी पुन्हा मोजून घेत नाही. मेव्हणे शिकलेले. तालुका कचेरीत होते, आणि तिथं त्यांचं काम काय, तर जमिनीच्या दप्तरांवर रकाने आखायचे. आत काय लिहायचं ते दुसरे लिहीत. हे फक्त आखत. लाकडी रूळ, तांबडी शाई आणि एक डोळा मिटलेला, असा हा माणूस तीस पावसाळे तिथं बसला. नोकरी संपली त्या दिवशी कचेरीने त्यांना हार घातला. घरी आल्यावर तो त्यांनी उसवला आणि पांढरी फुलं एका ओळीत, पिवळी दुसऱ्या ओळीत, कोमेजलेली तिसऱ्या ओळीत अशी मांडून ठेवली. नोकरी सुटली पण रूळ सुटला नाही. घरात फळीवरच्या डब्यांना नावं नव्हती, जागा होत्या. हिंग हवा असेल तर दुसरी फळी, चौथा रकाना. वहिनींनी कधी चुकून हिंगाच्या जागी मेथी ठेवली तर मेव्हणे मेथी घातलेलं सांबार मुकाट्याने जेवत आणि हे हिंगाचं सांबार आहे असं सगळ्यांना सांगत, कारण रकाना हिंगाचा होता. वहिनी मला म्हणायच्या, "लग्न झाल्यापासून यांनी मला शेऱ्याच्या रकान्यात टाकून ठेवलंय. लिहायचं असलं तर शेवटी, नाहीतर कोराच." मेव्हणे त्यावर म्हणत, "सही त्याच्या खालीच होते, ते नाही सांगायचीस."

लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसणं म्हणजे परीक्षा. केळीचं पान म्हणजे देवाने आखून दिलेलं कोष्टक, असं त्यांचं मत. मीठ कुठं, लोणचं कुठं, कोशिंबीर कुठं हे ठरलेलं. एकदा माझ्या पुतणीच्या लग्नात वाढप्याने घाईत लोणच्याच्या जागी कोशिंबीर वाढली. मेव्हण्यांनी हात वर केला. सगळी पंगत थांबली. ते वाढप्याला म्हणाले, "हे काढ." तो म्हणाला, "सामी, वाढलेलं कसं काढू?" "मग पान फिरव." त्याने खरंच पान फिरवलं. कोशिंबीर जागेवर आली, पण आधीचं मीठ मेव्हण्यांच्या मांडीवर आलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. मांडी पानाच्या बाहेर होती.

पण त्यांची खरी ख्याती, किंवा खरा उपद्रव म्हणा, वेगळाच होता. कोणत्याही कोष्टकातला पहिला रकाना ते मोजत नसत. तारीख, गावाचं नाव, माणसाचं नाव, जे काही डावीकडे पहिल्याने येतं, तो त्यांच्या मते रकानाच नव्हे. "ते दार आहे," म्हणायचे. "दारातून आत गेलात की पहिली खोली लागते. तिथून मोजा." हे कचेरीत चालत असेल. बाहेर नाही चालत. एकदा हिला हातात पणती धरलेली पितळी लक्ष्मी हवी होती म्हणून मी आणि मेव्हणे बसने स्वामीमलैला गेलो. कोणीतरी सांगितलं होतं, मूर्ती ओतणाऱ्याचं घर तिसऱ्या गल्लीत. पहिली गल्ली आली, मेव्हणे म्हणाले, ही गल्ली नव्हे, हे गावात शिरायचं तोंड. झालं. आम्ही चौथ्या गल्लीत एका अनोळखी घरात शिरलो. तिथं मुलगी दाखवायचा कार्यक्रम होता आणि वराकडची माणसं यायची होती. आम्हाला बसायला पाट दिले, शिरा दिला, कॉफी दिली, आणि मुलीने येऊन नमस्कारही केला. मेव्हण्यांनी तिला विचारलं, "मूर्ती कुठं आहे?" तिने देवघराकडे बोट दाखवलं. खरे पाहुणे दारात आले तेव्हा कुठं उलगडा झाला. परत रस्त्यावर आल्यावर मी काही बोलण्याआधी हेच म्हणाले, "बघा, बरोबर घरी गेलो असतो तर शिरा मिळाला असता का?"

मूर्ती ओतणारा मग सापडला. त्याने लक्ष्मीची उंची धरायला नारळाच्या झावळीची एक पट्टी घेतली आणि तिला घड्या घातल्या. एवढं तोंड, एवढी छाती, एवढे पाय, सगळं घडीवर. ना आकडा, ना शाई. मेव्हणे ते किती तरी वेळ बघत राहिले. येताना बसमध्ये म्हणाले, "त्याचं कोष्टक कमरेला खोचता येतं."

आमच्या गल्लीत मराठी घरं मोजकीच. तंजावरच्या राजांबरोबर आलेल्यांचे आम्ही वंशज. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. एकदा पुण्याचे एक गृहस्थ आले होते, त्यांना आमचं बोलणं ऐकून हसू आवरेना, म्हणाले, तुम्ही आमच्या पणजोबांसारखं बोलता. मेव्हण्यांनी लगेच विचारलं, "मग उभे का? पणजोबांच्या पाया पडायचं असतं." अशा या घरांतले सण, उपास, श्राद्धं कधी, हे सगळ्यांना मेव्हणे सांगत, कारण आमच्या वाध्यारांना, म्हणजे पुरोहितांना, मोतीबिंदू झाला होता. त्यांना मंत्र सगळे पाठ, पण छापील अक्षर दिसत नसे. म्हणून वाध्यार मेव्हण्यांना विचारत, मेव्हणे पंचांगाला विचारत, आणि पंचांग काय सांगे ते कोण जाणे. एका वर्षी सबंध गल्लीने यांच्या शब्दावर एकादशी केली आणि दुसऱ्या दिवशी देवळात कळलं की एकादशी आज. बायका चिडून यांच्या दारात आल्या. हे शांतपणे म्हणाले, "मग आज पुन्हा करा. कालची पुढच्या वेळी वळती करून घेऊ." पंचांग चुकलं, छापणारा चुकला, चंद्राला उशीर झाला, असं काहीही असू शकतं, रकाना चुकला असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. माझी बायको अशा वेळी भावाचं ऐकून घ्यायची, माझंही ऐकून घ्यायची, आणि संध्याकाळी परसात जाऊन आकाशाकडे बघून यायची. मग गुपचूप आपला दिवस धरायची. तो पुष्कळदा तिसराच असायचा. आम्ही दोघं हरलेले असायचो आणि कोणाकडून हरलो ते दोघांनाही पत्ता नसे.

ती गेली तेव्हा माघातली वद्य षष्ठी होती. हे मला त्यांनीच सांगितलं. ते दाराशी उभे होते, आत आले नाहीत, वाध्यारांनी तिथी विचारली तेव्हा कोणतंही पंचांग न उघडता "षष्ठी" म्हणाले आणि तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिले. पुढं वर्षभर दर दुपारी कॉफीच्या वेळेला माझ्या ओट्यावर येऊन बसत. समाचाराला आलो म्हणून कधी म्हणाले नाहीत. म्हणायचे, "तुमच्याकडची कॉफी वाईट असते, एवढी वाईट कॉफी एकट्याने पिऊ नये."

तर सोमवारची गोष्ट. यंदाच्या पंचांगात एक नवीन भानगड झाली होती. तिथीचे रकाने आमच्या पंचांगात दोन असतात. एक सूर्य उगवताना कोणती तिथी आहे त्याचा. दुसरा श्राद्धाचा, कारण श्राद्ध दुपारचं, आणि दुपारची तिथी सकाळची असेलच असं नाही. पुष्कळ दिवस दोन्ही रकाने सारखेच सांगतात. सारखं सांगत नाहीत तेव्हा एका दिवसाचा फरक पडतो. दोन्ही रकाने शेजारी शेजारी, दोन्हींच्या डोक्यावर एकच अक्षर, आणि एकापुढे टिंब. ते टिंब आहे की माशी बसून गेली आहे हे कळत नाही. पंचांग कसं पाहावं याचा खुलासा पहिल्या पानावर असतो. अर्धा संस्कृत, अर्धा तमिळ, आणि असा लिहिलेला की लिहिणाऱ्याला आपल्याला कळलंय एवढंच जगाला कळवायचं होतं. त्यात एकच वाक्य आम्हाला उपयोगाचं: श्राद्धाची तिथी सातव्या रकान्यात पाहावी. आता सरकारने सगळ्या देशासाठी नवा शक काढला, नवी तारीख काढली. छापणाऱ्याने तिचा रकाना मध्येच घुसवून दिला आणि पहिल्या पानावरचा खुलासा होता तसाच ठेवला. मग सातवा कुठला?

मी डावीकडून पहिल्यापासून मोजलं. "हा सातवा, अण्णा. षष्ठी उद्या, मंगळवारी."

"जावई, तुम्ही दारापासून मोजता." त्यांनी माझं बोट उजवीकडे सरकवलं. "हा सातवा. षष्ठी परवा."

"दार सोडलं तर मग सरकारने घातलेला नवा रकाना पण सोडा."

"तो कसा सोडायचा? सरकारने घातलाय."

"देवाची तारीख सोडायची आणि सरकारची धरायची. हा कुठला न्याय?"

"कचेरीचा."

"मी कवळी मोजताना पहिलं पान सोडलं तर गिऱ्हाईक माझा कान धरेल, अण्णा."

"पान खाऊन थुंकतात, जावई. रकाना कोणी थुंकत नाही."

मी म्हटलं, वाध्यारांना विचारू. ते म्हणाले, वाध्यार मलाच विचारतात, मी त्यांना परवाचं सांगून ठेवलंय. मी म्हटलं, मी त्यांना सकाळीच उद्याचं सांगून आलोय. यावर त्यांनी थोडा विचार केला. "मग ते दोन्ही दिवस येतील. त्यांचं पोट कुठं पंचांग बघतं."

एवढ्यावर हसून संपलं असतं, दुसरा कुठला सण असता तर. पण हे तिचं होतं. वर्षातून एकदा तिला जेवायला बोलवायचं, आणि पहिल्याच वर्षी चुकलेल्या दिवशी पान मांडलं तर ती उपाशी राहणार, हे मला खात होतं आणि त्यांनाही. संध्याकाळी परसात जाऊन बघून येणारं घरात कोणी उरलं नव्हतं. मेव्हण्यांनी पंचांग मिटलं, चष्मा काढला, उपरण्याने पुसला.

"चुकीच्या दिवशी हाक मारलीत तर ती यायची कशी?"

"माझी बायको आहे," मी म्हणालो. "मी बोलावलं की येईल."

"माझी बहीण आहे. दिवस बघूनच निघेल."

ते उठले, वहाणा पायात घातल्या, ओट्याच्या पायऱ्या उतरले आणि रस्त्यावरून मला म्हणाले, "सेरि, बरं. करा उद्या. उद्या तुम्ही जेवा, परवा ती जेवेल." असं बोलून निघून गेले, आणि मी मनाशी पक्कं केलं की आता मंगळवारच. या माणसाला एकदा तरी चुकला म्हणून दाखवायचंच.

मंगळवारी उजाडायच्या आधी मी आंघोळ केली. स्वयंपाकाला आलेल्या बाईंनी चूल पेटवली होती, उडीद भिजत होते. मेव्हण्यांचा मुलगा, आडुतुरैला नोकरीला जातो तो, दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. म्हणाला, "अण्णा उठत नाहीत." तोही बापाला अण्णाच म्हणे. मी ओलेत्या धोतरानेच गेलो. मेव्हणे चटईवर कुशीवर निजलेले, चष्मा उशाशी घडी घालून ठेवलेला. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "कॉफीला हाक मारली, उत्तर नाही. मला वाटलं, काल तुमच्याकडून भांडून आलेत, घुश्शात आहेत." मी मेव्हण्यांच्या पायांकडे बघत राहिलो. पाय थंड होते हे हात लावल्यावर कळलं, पण मी हात कधी लावला ते आठवत नाही.

थोड्या वेळाने वाध्यार तिथंच आले. माझ्या घरी जायला निघाले होते, वाटेत कळलं. चाचपडत बसले, मुलाला काय काय आणायचं ते सांगितलं, मग माझ्याकडे वळले. "तुमच्याकडचं आज राहिलं. शालक गेला की बहिणीच्या यजमानांना एक दिवस सूतक. सुतकात श्राद्ध होत नाही."

मला राग आला. कोणावर ते सांगता येत नाही. मी म्हणालो, "बायको गेली माझी. बायकोच नाही तर शालक कुठला आणि सूतक कुठलं? मी आजच करणार."

वाध्यारांनी न दिसणारे डोळे माझ्याकडे वळवले. "ती गेली म्हणून तुम्ही तिचे कोणी नाही?"

"असं कोण म्हणतं?"

"मग तिचा भाऊ तुमचा कोणी नाही, असं कसं? तो कोणी नाही म्हणत असाल तर आज चूल कोणासाठी पेटवलीत ते सांगा. नातं तिच्याकडून आलंय. ती धरायची तर हाही धरावा लागतो."

मी फार शाळा शिकलो नाही, पण धड बोललेलं मला कळतं. खाली बसलो.

"मग कधी करू?"

"सूतक फिटल्यावर. उद्या सकाळी."

वहिनी चटईकडे बघत म्हणाल्या, "उद्या बुधवार. म्हणजे यांनी सांगितला तोच दिवस झाला की." एरवी या वाक्यावर तो माणूस उठून बसला असता.

दुपारी कावेरीकाठी त्यांच्या मुलाने अग्नी दिला. मी खांदा दिला होता; चारांत मीच म्हातारा, म्हणून सगळे माझ्या चालीने चालले. पाण्याच्या पलीकडे कापणी झालेली शेतं होती. परत येऊन मी घरातली चूल विझवली, भिजवलेले उडीद शेजारच्या गाईला घातले, आणि काही न खाता पडून राहिलो. रकाना कोणाचा बरोबर होता, हे आता विचारायला कोणी नव्हतं. पंचांग ओट्यावरच होतं. मी ते उघडलं नाही. उघडून मोजलं असतं तर उत्तर माझंच आलं असतं, मोजणारा मी एकटाच होतो.

बुधवारी सकाळी मी नदीत बुडी मारली, ओल्या अंगाने घरी आलो आणि पाटावर बसलो. बाईंनी तिला आवडायची तशी, जरा जास्त चिंच घातलेली आमटी केली होती. वाध्यार आले. दर्भ माझ्या बोटात घातला आणि संकल्प सांगायला लागले. देश सांगितला, नदी सांगितली, महिना सांगितला, पक्ष सांगितला आणि तिथीशी येऊन थांबले. या ठिकाणी ते मान वळवून मेव्हण्यांना विचारत. मान वळली, रिकाम्या भिंतीशी थांबली, परत माझ्याकडे आली.

"तिथी?"

माझ्या मोजण्याप्रमाणे सप्तमी होती.

"षष्ठी," मी म्हणालो.

त्यांना ऐकू गेलं नसावं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी मोठ्याने सांगितलं, षष्ठी, पार रस्त्यापर्यंत जाईल असं, आणि ओंजळीत पाणी घेतलं.